आफ्टर म्हणजे मागे

मेडशी,
८ डिसेंबर १९५७

परमपूज्य नानाजी गुरुजींच्या पायांवर मारोतीचा माथा.

हा मारोती कोण, असा प्रश्न पडला असेल. वाशिमच्या शाळेत तुमच्या वर्गात खिडकीशी बसणारा, मेडशीचा मारोतराव इंगोले. ज्या वर्षी इंग्रज गेला त्या वर्षी मी मॅट्रिकला बसलो आणि एकट्या इंग्रजीत पास, बाकी सगळ्यांत नापास झालो. तुम्ही भर व्हरांड्यात म्हणाला होतात, "लेका, साहेब बोटीवर चढला आणि तू आता त्याची भाषा घेऊन काय गुरं हाकणार?" तेच करतो आहे. घरचं शेत आहे, बायको सोजरबाई आहे, दोन बैल, एक गाय. गावात तार आली, सरकारी कागद आला की लोक माझ्याकडे आणतात. मला 'इंग्रजी मारोतराव' म्हणतात. मीही कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

तुम्ही निवृत्त होऊन अकोल्यास मुलाकडे राहता असं कळलं, म्हणून हे जोडकार्ड पाठवतो आहे. अर्धं फाडून उत्तर लिहावं.

झालं असं. आमच्याकडे तांड्यावरचा मोहनसिंग ग्रामसेवक झाला आहे. गेल्या आठवड्यात तो शेतकीखात्याचं एक चोपडं घेऊन चावडीवर आला. वर इंग्रजीत छापलं होतं, 'हाऊ टु लुक आफ्टर अ काफ'. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, "वासराच्या मागं काय करावं, म्हणजे वासरू मेल्यावर त्याचं कातडं, हाडं, खड्डा, त्याची माहिती आहे." मोहनसिंग पोट धरून हसला. "मारोतभाऊ, चित्र तं पहा! मेलेल्या वासराले कोनी बाटलीनं दूध पाजते काय? वासराची निगा कशी राखाची, थे लिवलं हाय."

लोक हसले, मीही हसलो. घरी आलो आणि तेव्हापासून जेवण जात नाही.

'लुक आफ्टर' या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय? वासराला वेगळा आणि माणसाला वेगळा असं काही आहे का? मोहनसिंग चुकला असेल अशी मला फार आशा आहे. उलट टपाली कळवावं.

आपला विद्यार्थी,
मारोती

---

अकोला,
१४ डिसेंबर १९५७

चिरंजीव मारोतीस नानाजीचे आशीर्वाद, आणि लांबूनच एक टपली.

तुला विसरेन कसा? आख्ख्या वर्गात 'थ' आणि 'द' असे थुंकी उडवत म्हणणारा तू एकटाच होतास. पहिल्या बाकाची पोरं पाटी आडवी धरायची. तुझं जोडकार्ड मला पुरलं नाही. निवृत्त मास्तराला कोणी व्याकरण विचारणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं आवतण, तेव्हा हे पाकीट घातलं आहे.

ऐक. इंग्रजीचं क्रियापद म्हणजे आपल्याकडची सासुरवाशीण. ज्या घरी पडेल त्या घरचं तिला वळण. आता 'लुक' ही बाई घे. माहेरी होती तोवर नुसती बघत होती. 'ॲट'च्या घरी दिली तर टक लावून बसते. 'फॉर'च्या घरी दिली तर दिवसभर हरवलेलं शोधते. 'इन्टू'च्या घरी गेली की चौकश्या करते आणि 'डाउन अपॉन'च्या घरी गेली तर नाक मुरडण्यातच जन्म काढते. पण 'आफ्टर'च्या घरी गेलेली लुक ही त्यांतली सगळ्यांत गुणी. लेकरंबाळं, आजारी माणसं, म्हातारेकोतारे, गुरंवासरं, सगळ्यांना ती सांभाळते. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, जपणं, काळजी वाहणं. तिथे 'लुक' म्हणजे पाहणं नाही आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर किंवा मागे नाही. शब्दाखाली शब्द मांडून अर्थ काढायला गेलं की असा ध चा मा होतो.

माणूस असो की वासरू, अर्थ तोच. आणि एक गोष्ट वहीत लिहून ठेव. हा प्रयोग जित्याजागत्या जिवालाच लावतात. मेलेल्याला कोणी लुक आफ्टर करत नाही.

तेव्हा मोहनसिंग बरोबर, तू चूक. चावडीवर चार लोक हसले म्हणून जेवण सोडतात होय? पोटभर जेव आणि त्या वासराला दूध पाज.

तुझा,
नानाजी गोटे

---

मेडशी,
१८ डिसेंबर १९५७

गुरुजी,

तुमचं पत्र तुरीच्या बांधावर वाचलं. 'मेलेल्याला कोणी लुक आफ्टर करत नाही' हे वाक्य आलं आणि मी खाली बसलो. तुम्ही गमतीनं लिहिलंत, तुमचा दोष नाही. मी तुमच्यापासून खरी गोष्ट लपवली होती. आता लिहितो.

सोजर माझी दुसरी बायको. पहिली तुळसा. बावन्न सालच्या आषाढात तिला सातव्या महिन्यातच कळा लागल्या. इथल्या जवळच्या मालेगावच्या डॉक्टरानं हात टेकले, अकोल्याच्या मिशनच्या दवाखान्यात न्या म्हणाला. तिथे तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी तुळसा गेली. लेकरू माझ्या तळहाताएवढं होतं. कापसात गुंडाळून ठेवलं होतं, डोळे उघडत नव्हतं. त्रावणकोराकडची एक नर्स होती, सिस्टर मरियम्मा. तिला मराठी येत नव्हती, मला तिची भाषा येत नव्हती, आणि इंग्रजी मला लिहिता येई, बोलायला सुचत नसे. ती खुणेनं म्हणाली, हिला हलवू नका, तुम्ही जा. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, तुळसाची तेरवी करायची होती. मी अस्थी घेऊन घरी आलो.

मग पाऊस लागला. मी दवाखान्यात इंग्रजीतून कार्ड टाकलं, लेकरू कसं आहे? तिचं उत्तर आलं. ते कार्ड तुळसाच्या कुंकवाच्या कोयरीत घडी घालून ठेवलेलं आहे, आत्ता समोर आहे. लिहिलं आहे की पुरानं रस्ते बंद आहेत, आत्ता येऊ नका. लेकरू फार अशक्त आहे. देवाच्या मनात असेल ते होईल. आणि शेवटी, 'आय विल लुक आफ्टर द चाइल्ड.'

मी शब्दाखाली शब्द मांडले, गुरुजी. अजून पेन्सिलीच्या खुणा दिसतात. आय, मी. विल लुक, बघीन. आफ्टर द चाइल्ड, लेकराच्या मागे. लेकराच्या मागचं मी बघीन. आपण म्हणतो ना, म्हाताऱ्याच्या मागं वाटण्या झाल्या, मायच्या मागं बापानं पोरं वाढवली. मागं म्हणजे मेल्यावर. मला वाटलं, बाई भली आहे, सरळ 'मेलं' लिहायला तिचा हात उचलला नाही. म्हणते आहे की लेकरू गेल्यावरचं सगळं, खड्डा, माती, मी बघते, तुम्ही पावसात येऊ नका.

मी अंगणात सुतकाची आंघोळ केली, डोक्यावर पाणी घेतलं. एका दिवसात मोकळा झालो.

आणि याच्याहून वाईट पुढे आहे. मी तिला उत्तर लिहिलं. तो एवढासा खड्डा बघायला जाण्याचं बळ माझ्यात नव्हतं. म्हणून लिहिलं, 'यू लुक आफ्टर द चाइल्ड. आय विल नॉट कम.' मला म्हणायचं होतं, लेकराच्या मागचं तुम्हीच उरका, माझ्यानं येववणार नाही. आता तुम्ही सांगता त्या अर्थानं ते मनातल्या मनात पुन्हा वाचतो आहे. मी काय लिहून दिलं, गुरुजी? मी जिवंत पोर लिहून दिली काय?

सोजर मागे येऊन उभी होती. "काहून रडून राह्यले जी?" म्हणाली. तिला सगळं सांगितलं. सोजरला मूलबाळ नाही. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आधी जित्ती हाय का थे पहा. रडाचं मंग पाहू."

माझे पाय अकोल्याकडे वळत नाहीत. तिथे गेलो आणि कोणी खड्डा दाखवला तर? तुम्ही त्याच गावात आहात. एकदा जाऊन विचाराल का? एवढे उपकार करा.

मारोती

---

अकोला,
५ जानेवारी १९५८

चि. मारोतीस,

मुलगी जिवंत आहे.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचायला तुला धीर राहायचा नाही. आता पाणी पी आणि मग वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दवाखान्यात गेलो होतो. सिस्टर नागपुरास गेली होती, ती नाताळ आटोपून परवा आली. तोवर अर्धवट काही लिहायचं नाही असं ठरवलं. शिव्या द्यायच्या असतील तर दे.

परवा गेलो तेव्हा व्हरांड्यात एक पोर फरशीवर बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होती. उजव्या मांडीवर पट्टी ठेवायची आणि तळहातानं सरसर गुंडाळी करायची. दवाखान्यातल्या आयाबायांनी शिकवलं असावं, कारण बोलणंही त्यांचंच. मी नाव विचारलं. "तुळसा," म्हणाली. "माह्या मायचं नाव बी तुळसाच व्हतं. थे मेली." मी विचारलं, "आणि बाप?" तिनं मान वर न करता सांगितलं, "बाप चिठ्ठीत हाय."

मारोती, मी छत्तीस वर्षं पोरांची उत्तरं ऐकली. असं उत्तर ऐकलं नव्हतं.

चिठ्ठी सिस्टरनं दाखवली. तिच्या बायबलात ठेवलेली आहे. तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. दोन्ही वाक्यं शुद्ध, पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. वर्गात लिहिली असतीस तर पाठ थोपटली असती. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "हम एक साल रास्ता देखा. सोचा, बाबा का दिल बदलेगा. फिर समझा, बाबा लिख के दिया है." ती पोरीला घेऊन राहते. पोर तिला अम्मा म्हणते.

तुला काय म्हणायचं होतं ते मी तिला समजावून सांगितलं. हातातली गुंडाळी सुटून फरशीवर लांबच लांब गेली, ती तिनं उचलली नाही. मग म्हणाली, "बच्ची बाबा का है. ले जाने दो." तिची म्हातारी आई तिकडे एकटी आहे, म्हणून ती एप्रिलात नोकरी सोडून कायमची आपल्या मुलखात चालली आहे. पोरीला बरोबर नेणार होती. तुझं पत्र तीन महिने उशिरा आलं असतं तर संपलं होतं. पोरीच्या मनाची तयारी करायला तिनं थोडे दिवस मागितले आहेत. महिनाअखेरीस ये.

एक सांगायचं राहिलं. 'बिफोर म्हणजे आधी, आफ्टर म्हणजे मागे' हे टेबलावर छडी आपटून तालावर म्हणून घेणारा मास्तर कोण होता, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. लिहायला हवं होतंस. दवाखान्यातून घरी येईपर्यंत तो ताल माझ्या कानांतून गेला नाही.

नानाजी

---

मेडशी,
१० जानेवारी १९५८

परमपूज्य गुरुजी,

काय लिहू? पत्र आधी सोजरला वाचून दाखवलं, मग गोठ्यात जाऊन एकट्यानं वाचलं, मग गाईला वाचून दाखवलं. मला वेड लागलं आहे असं गावाला वाटतं. मी छडीबद्दल लिहिलं नाही कारण माझ्या मनात तसं आलंच नाही. आता पोर मिळाली आहे, तुम्हीही ते मनातून काढून टाका.

सोजरनं माझं डोकं खाल्लं आहे. "पोट्टी काय खाते जी तिथं? भाकर खाते का भातच खाते? तिखट चालते का तिले?" मला काय माहीत? तिनं लुगड्याचा पदर फाडून परकर शिवला, मग उंचीचा अंदाज येईना म्हणून शेजारची पोर पकडून आणली आणि तिच्या अंगाला लावून पाहिला. संक्रांतीची बोरं पाटीभर निवडून ठेवली आहेत. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं म्हणे. मी म्हणालो, पाच वर्षांच्या घोडीला कुठलं बोरन्हाण? तर म्हणाली, "मांगच्या पाच वर्साचं एकदमच करतो. तुमचं काय जाते?"

आमच्या चुलतीला, धुरपताबाईला, हे पसंत नाही. "मिशनातली पोट्टी हाय. गोमूत्र शिपडून घरात घ्या लागन," म्हणाली. मी म्हणालो, "काकू, आधी माह्यावर शिपड. जित्या पोरीची सुतकाची आंगोय म्या केली." ती पाय आपटत आपल्या घरी गेली.

आम्ही दोघं रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मोटारीनं येऊ. सिस्टरचे आभार इंग्रजीतून मानावे असं मनात आहे. 'थँक यू फॉर लुकिंग आफ्टर माय डॉटर.' फॉरच्या पुढे लुकिंग बरोबर आहे ना? की नुसतं लुक? या खेपेला चूक नको. परतीच्या वाटेवर पोरीला घेऊन तुमच्या पाया पडायला घरी येतो. सूनबाईंना सांगा, चहा नको, दूध ठेवा.

तुमचा,
मारोती

---

मेडशी,
२ फेब्रुवारी १९५८

गुरुजी,

तुम्ही त्या दिवशी वाट पाहिली असेल. दूध वाया गेलं असेल. आम्ही तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलो. आज धीर करून लिहितो आहे.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सिस्टरनं सगळी तयारी ठेवली होती. पत्र्याची एक लहान पेटी, तीत फ्रॉक, कंगवा, एक चिंध्यांची बाहुली. पोरीची वेणी घातलेली होती. गुरुजी, हनुवटी तुळसाची आहे. हुबेहूब. मी हात पुढे केला आणि तिनं मुकाट्यानं तो धरला. मला वाटलं होतं ती रडेल, पळेल. तसं केलं असतं तर मी उचलून नेलं असतं, पोरं रडतातच, चार दिवसांनी विसरतात. पण तिला शिकवून ठेवलं होतं, येणाऱ्या बाबाबरोबर शहाण्यासारखं जायचं. ती शहाण्यासारखी चालली.

मी माझं वाक्य म्हणालो. 'थँक यू फॉर लुकिंग आफ्टर माय डॉटर.' सिस्टरनं मान हलवली.  तोंडाला पदर लावून ती खांबामागे गेली आणि तिथून तिचं रडणं ऐकू यायला लागलं.

आम्ही टांग्यात बसलो. पोर मधे, सोजर एका बाजूला, मी एका बाजूला. सोजरनं बोरं पुढे केली. तिनं एक घेतलं, हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. बाजाराच्या रस्त्याला लागलो तेव्हा तिनं सोजरला विचारलं, "कोन मेलं?"

सोजर म्हणाली, "कोनी नाई व माय. कोनी नाई मेलं."

ती म्हणाली, "अम्मा तं कोनी मेलं तवाच रडते. वार्डात कोनी मेलं का खांबामांगं जाऊन रडते. आज कोन मेलं?"

मी बाहेर पाहत बसलो. तिनं मला विचारलं, "मी मेली काय?"

घाबरून विचारलं नाही, गुरुजी. नुसतं विचारलं. वार्डातली माणसं जातात, अम्मा रडते, ती माणसं पुन्हा येत नाहीत. आज ती स्वतः चालली होती आणि अम्मा रडत होती. तिनं सरळ हिशेब केला. मी पाच वर्षांपूर्वी चार इंग्रजी शब्दांवरून जो हिशेब केला होता, त्यापेक्षा तिचा बरा होता.

टांगा तुमच्या गल्लीशी आला होता. सोजरनं टांगेवाल्याच्या पाठीला हात लावला. "फिरवा भाऊ," म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ज्या बाईनं पाच वर्षांची बोरं एकदम निवडली होती, ती म्हणत होती फिरवा. मी म्हणालो, "सोजर, पोट्टी माही हाय." ती म्हणाली, "तुमचीच हाय. कोन नाई म्हन्ते? पन इची एक माय तं गेली. आता दुसरी बी मारता काय?"

मी टांगेवाल्याला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असं आजही मधेच वाटतं.

सिस्टर खांबाशीच बसलेली होती. पोर टांग्यातून उतरली, तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मा, कोनीच नाई मेलं." एवढंच म्हणाली. मग हातातलं बोर तिला दिलं.

सिस्टर माझ्याकडे बघत होती. तिला कळेना की हा माणूस नेतो आहे की देतो आहे. एकदा लिहून दिलं होतं, मग तसं म्हणायचं नव्हतं म्हणालो, मग नेलं, आता परत आणलं. अशा माणसाच्या तोंडी बोलण्यावर ती कशी विश्वास ठेवेल? म्हणून मी एक कोरं कार्ड मागितलं. फार विचार केला, गुरुजी, पण दुसरं वाक्यच सुचेना. तेच लिहिलं.

'यू लुक आफ्टर द चाइल्ड. आय विल नॉट कम.'

खाली सही केली. पहिल्या खेपेला अर्थ न कळता लिहिलं होतं, या खेपेला कळून लिहिलं.

सोजरनं पेटीत परकर ठेवला. मोठा झाला होता. "वाढत्या आंगाचा हाय," म्हणाली. मोटारीनं गावी आलो. पाटी उतरवताना बोरं सांडली, ती शेजारच्या पोरांनी लुटून नेली. बोरन्हाणाची लूट झाली म्हणायची. त्या रात्री सोजर चुलीपुढे बसून हुंदके देऊन रडली आणि मी तिला गप्प बस म्हणालो नाही.

सिस्टरचा तिकडचा पत्ता तुम्हाला मिळेल. मला तो देऊ नका. माझा धीर राहणार नाही, मी एखाद्या दिवशी गाडीत बसेन आणि पुन्हा तिला टांग्यात घालीन. तुम्हीच अधूनमधून चौकशी करा आणि ती बरी आहे एवढंच मला कळवत जा.

ते कार्ड सिस्टरकडे आहे. तुम्ही कधी गेलात तर दोन्ही वाक्यं तपासून बघा. आता मी कोणासाठी इंग्रजी वाचत नाही. तार आली तर लोकांना मोहनसिंगकडे पाठवतो.

मारोती

---

अकोला,
१६ एप्रिल १९५८

चिरंजीव मारोती,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लावले. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा तुझ्यावर रागावलो. बापाचा हक्क असा टांग्यातून परत करतात काय, असं लिहिलं आणि फाडलं. मग सोजरबाईचं 'दुसरी बी मारता काय' हे वाक्य पुन्हा वाचलं. दौतीला झाकण लावलं.

काल सिस्टर आणि तुळसा गेल्या. वर्ध्याला गाडी बदलून पुढे मद्रासकडे जायचं होतं. मी स्टेशनवर गेलो होतो. पोरीच्या अंगात सोजरबाईचा परकर होता, कमरेला दोन घड्या मारून बसवलेला. डब्यात बसल्याबसल्या तिनं खिडकीतून मला हाक मारली. पट्टीवाले बाबा म्हणते मला, कारण मी मधल्या काळात जाऊन तिच्या शेजारी पट्ट्या गुंडाळत बसत असे. माझी गुंडाळी ढिली होते म्हणून ती उलगडून पुन्हा करते.

तिनं विचारलं, "टांग्यातला बाबा कोन व्हता?"

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, सांगा म्हणून. मी म्हणालो, "चिठ्ठीतला."

तिनं सिस्टरजवळ चिठ्ठी मागितली. सिस्टरनं बायबल उघडून नवं कार्ड काढलं. पोरीनं ते उलटसुलट पाहिलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. "वाचून दाखवा," म्हणाली. मी इंग्रजीतून वाचलं. "आपल्या बोलीत सांगा." मी म्हणालो, "तुझा बाप अम्माला म्हणतो, माझ्या लेकीला नीट सांभाळा."

तिला ते आवडलं. तिनं बोट दुसऱ्या वाक्यावर ठेवलं. "अन् हे?"

गार्डानं शिट्टी दिली. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, मारोती, आणि शब्दाचा अर्थ कधी कोणाला खोटा सांगितला नाही. पोरांनी रडून मार्क मागितले तरी दिले नाहीत. मी तिला सांगितलं, "तो म्हणतो, मी येईन."

"कवा?" तिनं विचारलं आणि गाडी हलली. ती खिडकीच्या गजांना धरून तेच विचारत होती. मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. कार्ड माझ्याच हातात राहिलं.

त्यांचा पत्ता याच पाकिटात वेगळ्या चिठोऱ्यावर आहे. तू नको म्हणाला होतास, तरी पाठवतो आहे. सोजरबाईजवळ ठेवायला दे. तिला केव्हा काय फिरवायचं ते तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझं कार्डही सोबत परत पाठवतो आहे. तपासायला सांगितलं होतंस, तपासलं. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं मी खोडलं आहे.

नानाजी